जागा बघायला बोटीनं

आमच्या घरात बोलायला आवाज लागत नसे. हे वाचून कुणाला वाटेल, फार शांत, समजूतदार माणसांचं घर असेल. तसं काही नव्हतं. आम्ही तांबट. कसब्यात आमची घरं एकाला एक लागून, आणि प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत सकाळपासून हातोडा सुरू. हंडे, घंगाळं, बंब, तपेली. भांडं ठोकून आकाराला आलं की ते मठारायचं, म्हणजे त्याच्या अंगावर हातोड्यानं एकाशेजारी एक ठसा उठवत गोल गोल जायचं. एकेका हंड्याला सबंध दुपार जाई. त्यात आवाज काढून बोलायचं म्हटलं तर घसा फाटणार आणि समोरच्याला काही कळणार नाही. म्हणून आमच्याकडे ओठांवर बोलत. तोंड नीट उघडायचं, शब्द ओठांवर मांडायचा, आवाज काढायचा नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठांनी "जेवायला चला" म्हणे आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, ऐरणीवरून मान वर करून ओठांनीच "आलो" म्हणत. भांडणंसुद्धा अशीच. दोघांचं कडाक्याचं जुंपलेलं आहे आणि ठोक्यांखेरीज काही ऐकू येत नाही, असं मी कितीदा पाहिलं. ठोके वाजवीपेक्षा जोरात पडायला लागले की शेजारी समजायचं ते समजत.

या बोलण्याला एक खोट होती. प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. एकदा माझा मामा जुन्नरहून आला. आईनं दारातून आप्पांना ओठांनी सांगितलं, "मामा आलाय." आप्पांनी वाचलं, "बाबा आलाय." त्या काळी दारावर भगव्या कपड्यातले बाबा येतच असत. आप्पांनी मान वर न करता, ठोका न चुकवता, मोठ्यांदा सांगितलं, "पुढच्या घरी जा." मामा खरोखरच पुढच्या घरी गेला, तिथे पोटभर जेवला आणि नंतर पाच वर्षं आमच्याकडे फिरकला नाही. आई ते कधी विसरली नाही. आमटीत मीठ कमी पडलं असं आप्पा म्हणाले की ती म्हणे, "मग पुढच्या घरी जा."

त्या घराला तांब्याचा, कोळशाचा आणि चिंचेचा वास असे. चिंचेचा कोळ आमच्याकडे आमटीत कमी आणि भांड्यांवर जास्त. माझी बोटं बारा महिने आंबट लागत.

आमच्या आळीत बी.ए. झालेली मी पहिली. मुलींमधली पहिली नव्हे, माणसांमधली पहिली. हे मी आजही सांगते, आणि कुणाला बढाई वाटली तर वाटो. पण कॉलेजात गेल्यावर पहिल्याच महिन्यात मला कळलं की माझं बोलणं चुकीचं आहे. घरी एक तर आवाज नाही, नाही तर ठोक्यांवरून जाईल असा आवाज, मधलं काही मला येतच नव्हतं. वर्गात मी काही विचारलं की मागचे बाक हसत. एक सदाशिव पेठेतली मुलगी माझ्याशेजारी बसत असे. तिनं एकदा अगदी गोड चेहऱ्यानं सांगितलं, "अगं सुमन, आम्ही इथंच बसलोय. नदीपलीकडे नाही." मी त्या दिवशी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. शिकलेल्या घरातली माणसं बोलताना ओठ फारसे हलवत नाहीत, शब्द तोंडातल्या तोंडात ठेवून बाहेर सोडतात, हे मी टिपलं होतं. मग मी तसं शिकले. इतिहास आणि मराठी शिकले तसंच तेही शिकले. चौथ्या वर्षी माझं बोलणं असं झालं होतं की परक्या माणसाला मी कुठल्या आळीतली ते सांगता आलं नसतं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

कॉलेज सुटलं की मी दुकानाच्या उंबऱ्याशी बसत असे. दादा पिंपरीच्या कारखान्यात लागून तिकडेच राहायला गेला होता, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे. गिऱ्हाईक सांगे, "घंगाळाला कड्या जाड हव्यात," आणि मी ते आप्पांना ओठांवर व्यवस्थित पोचवी. गिऱ्हाइकाचं बोलणं मी पोचवत होते, हे नीट लक्षात घ्या. माझं स्वतःचं काही असलं तर मी कॉलेजच्या आवाजात बोले आणि आप्पा मान हलवून "हो हो" म्हणत. आप्पांना ऐकू कमी येतं, हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलेलं नव्हतं. ठोक्यात कुणालाच ऐकू येत नाही, मग वेगळं काय कळणार?

बी.ए. झाल्यावर मी सतरा ठिकाणी अर्ज केले आणि उत्तर आलं ते मालवणच्याही पुढच्या एका बंदरावरच्या शाळेचं. गावाचं नाव लिहीत नाही, शाळा अजून आहे आणि तिथली माणसं हयात आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हा, सोबत सगळी मूळ प्रमाणपत्रं आणा, ती पाहिल्याशिवाय रुजू करून घेता येणार नाही, असं पत्र. आई म्हणाली, "तिथं कोण आहे आपलं? मासे खाणारा गाव, भाषा कळायची नाही." आप्पांनी ते पत्र दुकानात माझ्याकडून ओठांवर दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "मी बरोबर जातो. जागा बघतो. पसंत पडली तर ठेवतो, नाही तर आलेल्या बोटीनं परत."

"स्थळ बघायला निघालात जसे," आई म्हणाली.

"मुलगी ठेवायची म्हणजे बघायला नको?"

तर असं ठरलं. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की रात्री मी उशाखाली पत्र ठेवून झोपत असे. आणि तिचा निकाल आप्पांच्या एका शब्दावर होता.

बोट मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सुटे. पावसाळ्यात बंद असलेली फेरी नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. आप्पांनी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता, मीही नव्हता, पण आप्पा समुद्राकडे पाहातच नव्हते. ते बोटीकडे पाहात होते. बोट जुनी होती. बाहेरून पांढरा रंग, पण रंगावर रंग चढून पापुद्रे सुटलेले, आणि गंजाचे ओघळ खालपर्यंत आलेले. डेकच्या फळ्या इतक्या झिजलेल्या की खिळ्यांची डोकी वर आली होती. एका बाजूला पितळी घंटा. आप्पांनी आधी घंटेला बोटाच्या पेरानं टिचकी मारली, मग कठड्यावर हात फिरवला, मग वाकून भिंतीच्या पत्र्यावरचे रिव्हेट एकेक बघितले. "म्हातारी आहे," ते म्हणाले, "पण पत्रा चांगला घातलाय." तेवढ्यात भोंगा झाला. डेकवरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. आप्पांचा चेहरा उजळला.

आमचं तिकीट खालच्या वर्गाचं, म्हणजे डेकवर जिथं जागा मिळेल तिथं चादर अंथरायची. सगळीकडे चादरी, वळकट्या, बोचकी, नारळाची पोती. बहुतेक माणसं कोकणातली, मुंबईहून गावी चाललेली. पाच मिनिटांत एकमेकांची गावं निघाली, गावांतून आडनावं निघाली, आडनावांतून नाती. कोण कुणाचा भाचा तेही ठरून गेलं. आमच्या चादरीवर आम्ही दोघं, मध्ये काळी पत्र्याची पेटी, आणि आईनं दिलेला डबा. दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर हात धुतले. मग करायला काही राहिलं नाही.

किनारा डाव्या हाताला हळूहळू मागे सरकत होता. माडांची एक रेघ, मग डोंगर, मग पुन्हा रेघ. वारा सुटला होता. मला तेव्हा कळलं की मी माझ्या वडिलांबरोबर हातोडा नसताना कधी बसलेच नव्हते. घरी ठोके सुरू असत, त्यामुळे न बोलणं दिसून येत नसे. इथे वाऱ्याखेरीज काही नव्हतं, आणि आमच्यात एक शब्द नव्हता. शेजारच्या चादरीवर एक जाडजूड आजी होत्या, त्यांनी एव्हाना चौघांशी भांडून पाचव्याला लाडू दिला होता. मला त्यांचा हेवा वाटला. मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, ते देऊळ बघा." ते म्हणाले, "हो हो." माझ्या बोटाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, शाळेत मला पाचवी ते सातवी देणार आहेत." "हो हो." मला कसलीशी शंका आली. मी समुद्राकडे तोंड ठेवूनच, त्याच आवाजात म्हटलं, "आप्पा, बोट बुडते आहे."

"हो हो," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

मला आधी हसू आलं. मग हसू राहिलं बाजूला. मी किती वर्षं हे "हो हो" ऐकत होते? कॉलेजात पहिल्या वर्षी बक्षीस मिळालं ते सांगितलं तेव्हा, हो हो. मैत्रिणींनी वाळीत टाकलं ते सांगितलं तेव्हा, हो हो. मला वाटे, बाप कमी शिकलेला, त्याला या गोष्टींचं काही नाही. मी त्यांच्यावर मनातल्या मनात रागावले होते, त्यांची कीवही केली होती. आणि त्या माणसाला यातलं अक्षरही पोचलेलं नव्हतं.

हर्णैला बोट समुद्रातच उभी राहते. धक्का नाही, म्हणून किनाऱ्यावरून पडाव येतात, मोठ्या होड्या, आणि उतारू व सामान त्यांत उतरवून घेतात. मी तेव्हा चहा आणायला गेले होते. खरं सांगायचं तर चहा हे निमित्त, मला जरा एकटीनं उभं राहायचं होतं. दोन कप घेऊन आले तर चादरीवर आप्पा होते आणि पेटी नव्हती.

"आप्पा, पेटी?"

"हो हो."

मी कप खाली ठेवले, त्यांच्या समोर बसले, आणि कित्येक वर्षांत दुकानाबाहेर केलं नव्हतं ते केलं. तोंड उघडून, ओठांवर विचारलं, पेटी कुठाय?

"खलाशी घेऊन गेला ना," आप्पा म्हणाले. "विचारून नेली."

काय विचारलं त्यानं?

आप्पांनी नजर बाजूला घेतली. "आता त्यानं काय ते विचारलं. मी हो म्हटलं."

शेजारच्या आजी पुढे सरकल्या. "अगो, हर्णैचं सामान काय म्हणून विचारलंन त्यानं. तुझ्या वडलांनी हो म्हटलं, मी ऐकलं की. तुम्ही हर्णैची नव्हेत?"

मी कठड्याकडे धावले. खाली पडाव सुटलेला, चांगला लांब गेलेला. माणसं, टोपल्या, कोंबड्यांची खुराडी आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली आमची काळी पेटी. तिच्यात माझी पदवी, सगळ्या गुणपत्रिका, शाळेचं पत्र. ती पेटी गेली म्हणजे जागा गेली, बघण्याचाही प्रश्न नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थाला मी म्हटलं, "अहो, जरा त्यांना थांबवता का?" तो म्हणाला, "आता कुठं थांबतात? वारा बघताय ना."

मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो चार वर्षं कुठे होता मला माहीत नाही. "ओ पडाववाले! थांबा! काळी पेटी आमची आहे! मागं फिरा!" सबंध डेक वळून माझ्याकडे बघायला लागला. वरच्या वर्गाच्या कठड्यावरून साहेबलोक वाकले. पण पडावातल्या वल्ह्यावरच्या माणसानं हात थांबवला. मी पुन्हा ओरडले. पडाव वळला.

पेटी दोरानं वर आली तेव्हा तोच खलाशी ती घेऊन आला. त्यानं ती चादरीवर ठेवली आणि घाम पुसत म्हणाला, "बाई, आमचा भोंगा जुना झालाय. बिघडला की तुम्हालाच बोलावतो." सगळे हसले. कॉलेजातल्या मागच्या बाकांनी हसावं तसेच हसले. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मी आप्पांकडे बघत होते. मी पहिली हाक मारली तेव्हाच ते उठून उभे राहिले होते. त्यांना ऐकू आलं होतं.

"आवाज आहे की तुझा," ते म्हणाले. "मला वाटलं, कॉलेजात ठेवून आलीस."

आप्पा पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "चार वर्षं झाली, तू काय बोलतेस ते मला उमगत नाही. तुझे ओठच हलत नाहीत. मला वाटलं, शिकली, आता बापाशी काय बोलायचं तिनं."

"तुम्ही विचारायचं ना," मी ओठांवर म्हटलं.

"काय विचारायचं? मला ऐकू येत नाही म्हणून?"

ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आप्पांनी चपापून आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मास्कचे दिवस आले तेव्हा मला हे सगळं पुन्हा आठवलं. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत वाणी, वॉचमन, डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडावर फडकी, आणि मला कुणाचंच काही कळेना. माझी भाची हिंजवडीत नोकरीला आहे, ती म्हणाली, "आत्या, तुला ऐकायला कमी येतंय, टेस्ट करून घे." टेस्ट केली तर कान बऱ्यापैकी गेलेले निघाले, आणि कधीपासून ते कुणाला सांगता आलं नाही. मी सगळ्यांचे ओठच वाचत होते. कानात यंत्र आलं आहे आता. पण दुकानातली मुलगी वेगानं काहीतरी विचारते तेव्हा मीही मान हलवते. चुकीची बिस्किटं घरी येतात.

त्या दुपारी बोटीवर मी आप्पांशी चार वर्षांचं बोलले. नदीपलीकडचा टोमणा सांगितला. ते इतक्या मोठ्यानं हसले की आजी दचकल्या. आरशाचं सांगितलं, तेव्हा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं की इतिहासाच्या पुस्तकात तांबटांचं काही असतं का. मी म्हटलं, नसतं. ते म्हणाले, "राजे काय पानावर जेवत होते? आणि पाणी ओंजळीत घेऊन पीत होते?" आजी बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. एका बाईला त्या हळूच म्हणाल्या, "बिचारी मुलगी मुकी." ती बाई म्हणाली, "मुकी? मघाशी कोण ओरडली मग?"

एक गोष्ट मात्र आप्पांनी विचारली नाही आणि मीही काढली नाही. मी गेल्यावर दुकानाच्या उंबऱ्याशी कोण बसणार? गिऱ्हाईक सांगेल जाड कड्या आणि आप्पा म्हणतील, हो हो. सकाळपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं, आणि आप्पांना ठाऊक होतं की मला ठाऊक झालंय. रत्नागिरी गेली, अंधार पडला, बोट हलायला लागली आणि पुढचे तास लिंबू चोखण्यात गेले.

उजाडताना पडावातून आम्ही उतरलो. शाळेचे मुख्याध्यापक स्वतः बंदरावर आले होते. किडकिडीत, सौम्य गृहस्थ, बोलणं इतकं हळू की मलाच कान द्यावा लागे. त्यांनी कागद तपासले, समाधान झालं. मग आप्पांना म्हणाले, "मुलगी एकटी राहायची आहे. आपली संमती आपण स्वतः सांगितलीत तर बरं." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ते ओठांवर पोचवलं, मुख्याध्यापकांच्या देखत, अजिबात न लाजता.

"जाताना सांगतो," आप्पा म्हणाले.

तो दिवसभर त्यांनी जागा बघितली. शाळेची घंटा वाजवून बघितली. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या पिंपाला पोचे होते, त्यांवरून हात फिरवून शिपायाला विचारलं, "हे आपटलं कुणी?" मला राहायला दिलेली खोली एका काकूंच्या घरामागे होती. आप्पांनी दाराची कडी दहा वेळा लावून काढली, विहिरीत वाकून पाहिलं, काकूंनी वाढलेल्या मऊ भाताला नावही न ठेवता जेवले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघत होते. हंडा घडवताना त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे की साधलाय की फसलाय. तसंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची बोट आली. बाहेर खोल पाण्यात उभी राहिली, धूर सोडत. मुख्याध्यापक धक्क्यावर थांबले होते, हजेरीपटावर माझं नाव घालायचं की नाही ते त्यांना कळायला हवं होतं. आप्पा पडावात बसले ते मुद्दाम तोंड माझ्याकडे करून, बोटीकडे पाठ करून. बाकीची माणसं हात हलवत होती, ओरडत होती, वाऱ्यात कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. आम्हा दोघांना आवाजाची गरज नव्हती.

मागची कडी लावत जा, आप्पा म्हणाले.

लावते.

पत्र टाक.

टाकते. आप्पा, दुकानात कोण बसेल?

मी आहे की.

पडाव दूर जात होता. अजून त्यांचा चेहरा दिसत होता, पण बारीक झाला होता. मी तोंड शक्य तेवढं उघडून विचारलं, आप्पा, जागा पसंत आहे का? राहू का?

त्यांनी उत्तर दिलं. दोन शब्द. दुसरा शब्द मला स्वच्छ वाचता आला, कारण त्यात ओठ गोल होतात. नको. पहिल्या शब्दाला तोंड उघडलं आणि त्याच्याही शेवटी ओठ पुढे आले. राहू नको, किंवा रडू नको. ह आणि ड दोन्ही तोंडाच्या आत होतात, ओठांवर त्यांची खूण उमटत नाही. आणि तोंड किती उघडलं, रा की र, ते एवढ्या लांबून कळत नाही. मी ओरडून विचारलं असतं तर माझा आवाज पोचलाही असता, पण त्यांचा शब्द मला पुन्हा वाचता आला नसता. पडाव एव्हाना लाटेआड जात होता.

ते थांबले होते, माझ्या उत्तरासाठी. मी मान हलवली. हो. मग ते वळले आणि बोटीकडे तोंड करून बसले.

मुख्याध्यापक म्हणाले, "काय म्हणाले वडील?"

"रडू नको म्हणाले," मी सांगितलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि आम्ही शाळेकडे निघालो. त्या गावात मी अकरा वर्षं शिकवलं. तिथे माझ्या ओठांवरचं वाचणारं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी खोलीत एकटी असताना मी कधी कधी भिंतीशी तसं बोलत असे. दुकान दुसऱ्या वर्षी बंद झालं. दादानं कळवलं की गिऱ्हाइकांची कामं चुकायला लागली होती. सुट्टीत घरी गेले की आप्पा समोर बसत, मुलं काय विचारतात, घंटा कोण वाजवतं, सगळं ओठांवर विचारत. त्या दोन शब्दांचं ना त्यांनी काढलं, ना मी. आणि चौथ्या वर्षी ते गेले.

ही हकिकत मी खूप जणांना सांगितली आहे. सेवानिवृत्तीच्या समारंभातही सांगितली, बायकांनी डोळे पुसले. प्रत्येक वेळी मी रडू नको असंच सांगते. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती इथं लिहून ठेवते. त्या धक्क्यावर मी रडत नव्हते.